काळ, अवकाश, भान: सरावात तीन ठिकाणी अडतंय, जाणकारांनी सांगावं

अर्धी_खिडकी

नमस्कार मंडळी,

श्वासावर लक्ष किंवा नामजप यांबद्दल हा प्रश्न नाही. 'आत्ता' म्हणजे केवढं, दोन वस्तूंमधल्या मोकळ्या जागेकडे पाहता येतं का, आणि हे सगळं कळतंय ते कळणं नेमकं कुठे आहे, हे बसून तपासायचे जे सराव असतात त्यांबद्दल विचारायचं आहे.

सध्याचा क्रम: पहाटे ५:४० ते ६:००, नळाला पाणी यायच्या आत. खोली दहा बाय बारा, पूर्वेला एकच खिडकी, खाली रस्ता, पलीकडे मुंबई लोकलची हार्बर लाइन. ७ मिनिटं काळ, ७ मिनिटं अवकाश, उरलेली ६ भान. मोबाइलवर गजर. सहा आठवडे झाले.

अडतं ते असं:

१. 'आत्ता'वर थांबायला गेलं की मनात आकडे सुरू होतात. एक, दोन, तीन... काळाकडे पाहायच्या ऐवजी मोजणीच चालते.

२. कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीकडे बघत राहिलं की दोन-तीन मिनिटांत कपाळ जड होतं आणि कपाटाची कड विरघळून नाहीशी होते. ही प्रगती समजायची की डोळ्यांची तक्रार?

३. 'हे कोणाला कळतंय?' असं विचारलं की आतून उत्तरादाखल भाषणच सुरू होतं.

शिवाय रोजच्या नोंदी 'छान वाटलं', 'शांत वाटलं' याच्यापुढे सरकत नाहीत. ध्यानाचे फायदे नकोत, ते ठाऊक आहेत. करायचं काय आणि चुकतं कुठे, एवढं सांगा.

---

घटकापळ

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. बाकीच्यांवर इथे माझ्याहून चांगले लोक आहेत.

आपल्याकडे 'वेळ' हा शब्द दोन लिंगांत चालतो. 'जेवणाची वेळ झाली' यातली वेळ हा ठिपका. 'सगळा वेळ गेला' यातला वेळ ही लांबी. तुम्ही बसता ठिपका पकडायला, आणि डोळ्यांसमोर काहीच बदलत नसल्यामुळे मनाच्या हाती लागते ती लांबी. लांबी आली की फूटपट्टी आलीच. आकडे त्यामुळे येतात, त्यांना हुसकावत बसू नका. समोर काहीतरी हळू बदलणारं ठेवा, मोजायचं काम त्याच्याकडे जाईल.

सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे उन्हाची कड. कृती अशी:

खिडकीच्या चौकटीची आडवी कड घ्या. तिची सावली जिथे पडते ते ठिकाण कडेपासून साधारण एक मीटरवर असावं. तिथे जमिनीवर किंवा भिंतीवर कागद चिकटवा. सावलीच्या कडेवर पेन्सिलीने रेघ मारा आणि बसा. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. त्या हिशोबाने एक मीटरवर सावली मिनिटाला ४ ते साडेचार मिलिमीटर सरकते, तिरकी पडत असेल तर जास्त. एका घटकेत, म्हणजे २४ मिनिटांत, १० सेंटिमीटरच्या आसपास.

आता बघा काय होतं. कितीही डोळे लावून बसलात तरी सावली सरकताना जवळजवळ दिसतच नाही. सरकलेली दिसते. रेघ इथे आहे, हे दिसतं. कड तिथे आहे, हे दिसतं. 'सरकली' हे मात्र कुठेच दिसत नाही, ते पहिलं आठवून दुसऱ्याला जोडल्यावर तयार होतं. हा जोड लागतो त्या जागी थांबायचं. काळाचा सराव म्हणतात तो एवढाच. योगसूत्रांत क्षण आणि त्याचा क्रम यांवर संयम, म्हणजे धारणा-ध्यान-समाधी एकत्र लावणं, सांगितला आहे. त्यावरचं व्यासभाष्य म्हणतं की दोन क्षण कधी एकत्र नसतात, क्रम बुद्धी जुळवते. पोथीत वाचून ते पटतं, पेन्सिलीच्या रेघेपाशी ते समोर घडतं.

चुका कुठे होतात:

ग्रिलच्या गजाची सावली घेऊ नका. सूर्य हा ठिपका नाही, आकाशात अर्ध्या अंशाची थाळी आहे. त्यामुळे कोणत्याही कडेची सावली एका मीटरवर ९ मिलिमीटर पुसट होते. १२ मिलिमीटरच्या गजाचा मधला गडद पट्टा तिथे जेमतेम ३ मिलिमीटर उरतो, दोन मीटरवर उरतच नाही. मग 'माझी सावली गायब झाली' असे अनुभव नोंदवहीत येतात.

पुसट पट्ट्यात रेघ नेमकी कुठे मारायची, यावर डोकं खाजवत बसू नका. गडद भाग सुरू होतो तिथे मारा आणि पुढेही तेच धरा.

आकडे तरीही आले तर त्यांना काम द्या. जुन्या मापात ६ श्वास म्हणजे १ पळ, म्हणजे २४ सेकंद. ६० पळं म्हणजे १ घटका. सहा श्वास मोजायचे आणि मोजणी सोडायची. पुढचे सहा न मोजता जाऊ द्यायचे. बसल्यावर श्वास मंदावतो, सहा श्वासांना ३०-३५ सेकंदही लागतील. लागू द्या. पळ बरोबर यावं म्हणून श्वास ओढू नका.

पूर्वतयारी म्हणून दोन मिनिटांचा खेळ. भिंतीवर टिकटिक करत उडी मारणारा सेकंदकाटा असलेलं घड्याळ लागेल, गुळगुळीत फिरणारा काटा चालणार नाही. नजर बाजूच्या कॅलेंडरवर ठेवा, मग झटकन काट्यावर आणा. दहातून दोन-तीनदा पहिला सेकंद लांबलेला, काटा अडकल्यासारखा वाटेल. नजर उडी मारते तेवढ्या वेळात डोळ्यांना धड दिसत नसतं आणि मेंदू ती रिकामी पट्टी नंतरच्या दृश्याने मागाहून भरतो. ज्याला आपण 'आत्ता' म्हणतो त्याला मागून ठिगळ लागतं, हे एकदा पाहिलं की ठिपका पकडायची घाई जाते.

जाता जाता: सावली सगळ्यात आखूड होते ती मुंबईत १२ वाजता नव्हे, सरासरीने १२:३९ ला. वर्षभरात ते पंधरा-सोळा मिनिटं मागेपुढे होतं. प्रमाणवेळ १९०६ साली आली तरी मुंबईने ३९ मिनिटं मागची आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. घड्याळातले बारा हा करार आहे, एवढं भान असलेलं बरं.

---

अर्धी_खिडकी

घटकापळ, मनापासून आभार. 'सरकलेली दिसते' हे चांगलंच लागलं. पण ५:४० ला ऊन कुठलं? आणि समोर टॉवर उठतोय, ऊन आता आठनंतर अर्धा तास आलं तर आलं. दुसरी वस्तू सुचवाल का?

---

घटकापळ

रविवारी साडेआठला सावली, एरवी पंखा.

छताचा पंखा पूर्ण वेगावर ठेवा. खाली चटईवर पाठ टेकून झोपा. मान वर करून पाहायचं नाही, तीन मिनिटांत मानेतच ध्यान लागतं. आता कोणालातरी बटण बंद करायला सांगा, किंवा बंद करून पटकन आडवे व्हा. आधी नुसती धूसर थाळी असते. मग तिच्यात फडफड दिसते. मग तीन पाती सुटी होतात. मग एकेका पात्यामागे नजर जाऊ शकते. शेवटी पातं 'आता थांबणार' असं तीनदा वाटून चौथ्यांदा थांबतं. थाळीची पाती कोणत्या क्षणी झाली, एवढंच शोधायचं. सापडत नाही. प्रत्येक वेळी 'मघाशीच झाली होती' असंच हाती येतं. पाच फेऱ्या पुरेत.

अट एकच: खिडकीचा उजेड किंवा साधा पिवळा बल्ब हवा. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. त्यात पाती उलटी फिरल्यासारखी किंवा जागीच उभी दिसतात. तो ट्यूबचा खेळ झाला, आपल्या सरावाशी त्याचा संबंध नाही.

---

पोकळ_भिंत

दुसरा प्रश्न माझ्या आवडीचा.

कड विरघळते ती डोळ्यांची तक्रार आहे. नजर एका बिंदूवर खिळवली की कडेकडेचं दृश्य फिकं पडून पुसलं जातं, कारण तेच ते चित्र डोळ्यातल्या पेशींना सतत मिळालं की त्या प्रतिसाद देणं सोडतात. ट्रॉक्सलर नावाच्या स्विस वैद्याने हे १८०४ साली नोंदवलेलं आहे. पापणी मिटलीत की कड परत येते. करून बघा. कपाळ जड होतं ते पापण्या न मिटल्याने आणि भुवया आक्रसल्याने. अवकाशाचा यात काही हात नाही.

मूळ चूक वेगळीच आहे: तुम्ही फट निवडली आहे. फट अरुंद असते, तिच्याकडे बघायला नजर टोकदार करावी लागते, आणि टोकदार नजरेला मोकळी जागा दिसत नाही. हात लांब करून अंगठ्याचं नख धरलंत तर त्या नखाएवढाच भाग आपल्याला खरा स्पष्ट दिसतो. तेवढ्या भोकातून 'मधलं अंतर' पाहायला गेलं की त्यामागची भिंतच हाती लागते.

असं करा. भिंतीला पाठ टेकून बसा. दीड-दोन मीटरवर अशा दोन वस्तू निवडा की त्यांच्यात हात-दीड हात जागा असेल. पाण्याचा पिंप आणि खुर्ची चालेल. दोघांच्या आतल्या कडा एकदम नजरेत राहतील इतकी नजर सैल सोडा. सहा श्वास वस्तूंवर: पिंप आहे, खुर्ची आहे. मग सहा श्वास मधल्या जागेवर. पुन्हा वस्तू. अशा पाच जोड्या, साधारण चार-पाच मिनिटं झाली की पुरे. पापण्या नेहमीसारख्या मिटू द्या. घासाघीस नको.

इथे हमखास होणारी गडबड म्हणजे मोकळ्या जागेचीच वस्तू होते. दोघांच्या मध्ये हवेची एक पारदर्शक फळी उभी केल्यासारखं वाटतं. ओळखायचं कसं? तिला कड आहे का, पुढची-मागची बाजू आहे का, हे विचारा. 'हो' आलं तर ती तुम्ही बनवलेली फळी. मग जागा वाढवा: पिंपापासून तुमच्या गुडघ्यापर्यंतची जागा तीत घ्या, मग गुडघ्यापासून पाठीमागच्या भिंतीपर्यंतची. पाठीमागची जागा डोळ्यांना दिसत नाही, तरी ती आहे हे कळतं. फळी तिथे मोडते.

रस्ता आणि हार्बर लाइन हे तुमचं भांडवल आहे, त्याला आवाज-आवाज म्हणू नका. डोळे मिटून पाच मिनिटं फक्त आवाज कुठे आहे एवढं घ्या. काय आहे ते घेऊ नका. गाडीचा भोंगा, खालच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी, भांड्यावर भांडं. 'पनवेल गाडी' असं नाव दिलंत की जागा गेली, गाडी राहिली. आवाज डावीकडचा की उजवीकडचा हे आपण बरंचसं दोन कानांत तो पोचायला लागणाऱ्या वेळेतल्या फरकावरून ठरवतो, आणि हा फरक जास्तीत जास्त पाऊण मिलिसेकंदाच्या आतला. म्हणजे जागेचं हे भान काळाच्या फरकावर उभं आहे. पुढचा की मागचा हे मात्र यावरून कळत नाही. गोंधळ झाला तर मान किंचित वळवा, लगेच सुटतो.

पावसाळ्यात आणखी एक. वीज चमकली की मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर. गडगडाट ऐकू येतो तेव्हा वीज होऊन गेलेली असते, आणि तरी आपण म्हणतो 'आत्ता कडाडली'. घटकापळ यांच्या पेन्सिलीच्या रेघेचंच हे मोठं रूप. हे खिडकीच्या आतून, गच्चीवर नाही.

---

साधा_प्रश्न

वरचं सगळं वाचलं. एवढं मिलिमीटर-मोजमाप मला जास्तच वाटतं. माणूस सराव सोडून भूमिती करत बसेल. पण पंखा पटला.

तिसऱ्याबद्दल. 'लक्ष' आणि 'भान' या शब्दांना कोणती क्रियापदं लागतात ते बघा. लक्ष आपण देतो, लावतो, ठेवतो, काढून घेतो. भान देता येत नाही. ते असतं, राहतं, सुटतं, हरपतं, येतं. तुम्ही भानाच्या सहा मिनिटांत लक्षाचीच क्रिया करताय, फक्त तोंड आत वळवून. आणि प्रश्न 'कोणाला' असा विचारल्यावर भाषेला नाव द्यावंच लागतं. भाषण सुरू झालं यात नवल काय?

प्रश्न सोडा, वाक्य बदला. आपल्याला ही सोय फुकट मिळालेली आहे. कोणताही चालू आवाज घ्या, पंख्याची घरघर उत्तम.

पहिले सहा श्वास: 'मी ऐकतोय' (किंवा 'ऐकतेय'). हे खरोखर करा, कान देऊन. जोर कुठे लागतो ते कळेल. बहुतेकांना कपाळ, जबडा किंवा कानामागे.

पुढचे सहा: 'मला ऐकू येतंय'. करणारा 'मी' गेला, 'मला' राहिलं. आधी जिथे जोर होता ती जागा सैल पडते. नाही पडली तर परत पहिल्या पायरीवर जा, उगाच पुढे ढकलू नका.

पुढचे सहा: 'ऐकू येतंय'. बस. 'मला'ही नको.

मग शब्दही सोडा आणि एक-दोन मिनिटं तसेच राहा. पुन्हा 'मी ऐकतोय'पासून. सहा मिनिटांत अशा दोन फेऱ्या आरामात होतात.

बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, शब्द तालात पडतात आणि जप होतो. वाक्य प्रत्येक पायरीला एकदाच म्हणा, श्वासागणिक नको. दुसरं, तिसऱ्या पायरीवर डुलकी येते आणि तीच समाधी समजली जाते. तपासणी सोपी: शेवटचा वेगळा आवाज कोणता होता? आठवला तर जागे होतात. नाहीच आठवला आणि हनुवटी छातीकडे आलेली असेल तर झोप. आपल्या भाषेत 'जागा' म्हणजे स्थळही आणि झोपेत नसलेलाही, हा योगायोग मला फार आवडतो. तसंच 'गाडीला अजून अवकाश आहे' म्हणताना अवकाश काळाचा होतो. असो, विषयांतर.

---

कंदील_विझवा

साधा_प्रश्न यांच्या तिसऱ्या पायरीशी मी सहमत नाही. 'मला' काढायची घाई कशाला? मुंबईतल्या खेतवाडीत अद्वैत सांगणारे निसर्गदत्त महाराज (१८९७–१९८१) मराठीतूनच बोलत, आणि 'मी आहे' ही जाणीवच घट्ट धरायला सांगत. आधी ते नुसतं असणं पुरतं ओळखीचं होऊ दे. नवख्याने 'ऐकू येतंय'वर उडी मारली की कोरडं, परकं वाटायला लागतं.

---

साधा_प्रश्न

मुद्दा मान्य, अर्धा. पहिला महिनाभर दोनच पायऱ्या ठेवाव्यात, तिसरी नंतर. पण 'मी आहे' धरताना लोक 'मी'ला धरतात आणि 'आहे' निसटतं. धरायचं असेल तर जोर 'आहे'वर द्या.

---

नाडी_मंद

'परकं वाटायला लागतं' हा शब्द आलाच आहे तर त्याच्यावर थांबू या. कोणीच नीट लिहिलेलं नाही.

या सरावांनी काही जणांना बैठकीनंतरही आजूबाजूचं सपाट, चित्रासारखं, काचेपलीकडचं वाटतं. स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा, हात दुसऱ्याचे असल्यासारखे. उठल्यावर दहा-वीस सेकंद असं वाटून गेलं तर सोडून द्या. दिवसा, रस्ता ओलांडताना, जिन्यावर, कामात असं वाटू लागलं तर सराव बंद. कमी करायचा नाही, थांबवायचा, निदान दोन आठवडे. त्याऐवजी पायांनी जमीन दाबत चालणं, गार पाण्याने तोंड धुणं, समोरच्या पाच वस्तूंची मोठ्याने नावं घेणं, वेळेवर जेवण आणि पुरती झोप. आणखी बसून ते जात नाही. बसण्यानेच ते आलेलं असतं.

घाबरण्याचे झटके येणारे, पूर्वी मनोविकाराचा तीव्र झटका येऊन गेलेले, नुकताच मोठा आघात सोसलेले यांनी अवकाशाचा आणि 'कोणाला कळतंय'चा सराव एकट्याने करू नये. फिट्स येत असतील तर पंख्याचा सराव नकोच, लुकलुकत्या उजेडात तर अजिबात नको. त्रास राहिला तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर मोफत, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं.

आणि लोकलमध्ये, फलाटावर, गाडी चालवताना यातलं काहीही करायचं नाही. दारात उभं राहून 'अवकाश' पाहणाऱ्यांना हात जोडून विनंती.

५:४० ला उठण्यासाठी झोप पाच तासांवर आली असेल तर वेळ बदला. अपुऱ्या झोपेत वस्तू आपोआपच विरघळतात.

---

घटकापळ

नोंदींचं राहिलं. वहीचं एक पान, मधे उभी रेघ. डावीकडे जे समोर होतं ते, उजवीकडे त्यावरून जे ठरवलं ते. नमुना:

डावीकडे: 'रेघ. रेघेपासून बोटभर खिडकीकडे गडद कड.' उजवीकडे: 'सावली सरकली.'

डावीकडे: 'घरघर. कानामागे ताण. मग ताण नाही.' उजवीकडे: 'मी शांत झालो.'

छान, शांत, प्रसन्न, खोल हे चार शब्द डाव्या बाजूला बंद. उठल्यापासून पाच मिनिटांच्या आत लिहा आणि चार ओळींवर जाऊ नका. नंतर लिहिलं की उजवी बाजू फुगते.

गजर वाजला की आकडा बघायच्या आधी अंदाज लिहा: किती मिनिटं झाली? त्यासाठी कालावधी रोज थोडा बदलता हवा. घरातल्या कोणालातरी ५ ते ९ मिनिटांमधला काहीही गजर लावून द्यायला सांगा आणि मोबाइल पालथा ठेवा. वेळाकडेच लक्ष असेल तर तो लांबतो आणि अंदाज जास्त येतो. कमी आला तर रमला होतात किंवा पेंगत होतात, यातलं कोणतं ते डावी बाजू सांगेल. याला गुण देऊ नका. अंदाज बरोबर येऊ लागला म्हणजे सराव सुधारला असं मुळीच नाही.

---

अर्धी_खिडकी

सगळ्यांचे आभार. आता क्रम असा ठरवतेय: रोज एकच सराव, तिन्ही एकदम नाहीत. सोम-गुरु पंखा, मंगळ-शुक्र पिंप आणि खुर्ची, बुध-शनि 'मी ऐकतेय' आणि 'मला ऐकू येतंय' एवढ्या दोनच पायऱ्या, रविवारी ऊन असेल तर सावली. झोपेचं बरोबर पकडलंत, वेळ ६:३० वर नेते.

एक बारीक शंका. मे महिन्यात पंखा बंद करून आडवं पडणं म्हणजे घामाचाच सराव. टेबलफॅन लावून ठेवला तर चालेल?

---

घटकापळ

चालेल, पण झोत जमिनीलगत पायांकडे ठेवा. तो वर गेला तर छताचा पंखा थांबतच नाही, बंद असूनही पाती रेंगाळत फिरत राहतात आणि तुम्ही शेवटच्या फेरीची वाट बघत बसाल.